दगडफूल आणि मोरचूद

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या नवऱ्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, न बिघडलेलेसुद्धा. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस, त्याचे हात स्वस्थ बसेनात. नळ संपल्यावर तो माझ्या मिक्सरकडे बघायला लागला, तेव्हा मी हात जोडून सांगितलं, "अहो, घराबाहेर काहीतरी शोधा." मी तेव्हा पोस्टात नोकरीला होते आणि संध्याकाळी घरी येऊन मला चालणारा मिक्सर हवा होता. त्याने टेकडी शोधली.

आमची कॉलनी नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकच्या रस्त्यापासून जरा आत. मागे वनखात्याची एक उघडी टेकडी होती. मुरूम, कुसळं आणि घाणेरीची झुडपं, एवढाच तिचा संसार. पायथ्याला एक म्हातारा आंबा होता, तो सोडला तर वर सावली नावाची गोष्ट नव्हती. ओढ्याच्या काठाने वीटभट्ट्या होत्या आणि रस्त्याच्या पलीकडे कारखाने. सकाळी फिरायला जाणाऱ्या चारदोन मंडळींनी परवानगी काढून तिथे झाडं लावायचं ठरवलं, आणि माझा नवरा त्यात सगळ्यात पुढे. करंज, ऐन, बहावा, आपटा, कडुलिंब अशी रोपं लागली. पहिल्या वर्षी सगळे उत्साहाने पाणी घालायचे. मग कुणाचा गुडघा दुखायला लागला, कुणाला नातू झाला, कुणी योगवर्गाला जायला लागलं. शेवटी टेकडीवर माझा नवरा उरला, आणि त्याचा चहा गार होऊ नये म्हणून थर्मास घेऊन जाणारी मी. पुढे मीही निवृत्त झाले आणि रोजची जायला लागले.

रोपं जगली, पण वाढेनात. पानांच्या कडा करपायच्या, जणू कुणी तापल्या तव्याला टेकवून परत आणून लावलीत. ऐनाची पालवी यायची ती पिवळटच. आंब्याला कैऱ्या लागायच्या आणि त्यांची टोकं काळी पडून गळायच्या. नवऱ्याने शेणखत घातलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं. रोज सकाळी प्रत्येक रोपापुढे उकिडवं बसून तो त्याची चौकशी करायचा. माझ्या तब्येतीची त्याने इतक्या आस्थेने कधी चौकशी केल्याचं मला आठवत नाही, आणि हे मी त्याला वेळोवेळी ऐकवलं आहे.

माझे दीर दिंडोरीकडे असतात. द्राक्षबागायतदार, आणि त्यांच्यापुढे सगळ्या जगाची एकच अडचण आहे, बुरशी. आमच्याकडे द्राक्षवाल्यांचं हे असंच असतं. कुठे पांढरट डाग दिसला की ती भुरी, तेलकट दिसला की डावणी, आणि दोन्हीवर एकच रामबाण, बोर्डो. निळं मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा भिजवायचा, दोन्ही एकत्र करायचं आणि मारायचं. भिंतीला ओल आली तरी ते आधी बोर्डोचं नाव काढतात. टेकडीवरची पानं बघून ते म्हणाले, "दादा, करपा हाय हा. लय माजलाय. एक हात बोर्डोचा मारून दे." नवऱ्याने एकदा मारून बघितला. काही फरक पडला नाही.

उलगडा केला तो वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी. त्या आमच्याच बाजूला राहायला आल्या होत्या आणि सकाळी टेकडीला वळसा घालून जायच्या. एकदा थंडीत, चांगलं धुकं पडलेलं असताना, त्या थांबल्या. भट्ट्यांचा धूर वर न जाता धुक्यातच पसरून बसला होता. त्यांनी ऐनाचं एक पान खुडलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "हा रोग नाही. भट्टीच्या कोळशात गंधक असतो. तो धुरातून हवेत जातो, धुक्यात, दवात विरघळतो आणि त्याचं आम्ल होतं. तुमच्या झाडांवर रोज पहाटे पातळ आम्लाचा शिडकावा होतोय. खाली मातीत उतरलं की ते मातीतला चुना धुऊन नेतं. वरून पान भाजतं आणि खालून पोट भरत नाही, मग झाड वाढेल कसं?"

नवऱ्याने दुसऱ्या दिवसापासून पाठीवर पंप घेतला आणि थंडीत रोज सकाळी साध्या पाण्याने झाडांची पानं धुवायला सुरुवात केली. आळ्यांत थोडा थोडा चुना घालायला लागला. फिरायला येणारे लोक हसायचे. एकाने तर विचारलं, "काका, साबण नाही का लावत?" मलाही हसू यायचं, पण बाहेरच्यांनी हसलेलं मला खपायचं नाही. मी त्या गृहस्थांना सांगितलं, की तुमच्या मोटारीपेक्षा ही झाडं स्वच्छ आहेत, आधी तिला लावा.

बाईंना नवऱ्याने एकदा सरळच विचारलं, "मॅडम, झाडं जगतील हो. पण ह्या टेकडीचं जंगल होईल का?" बाईंनी उत्तर द्यायच्या आधी करंजाच्या खोडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "खोडं बघा किती कोरी आहेत. ज्या दिवशी यांच्यावर दगडफूल बसेल ना, त्या दिवशी मला हाक मारा."

"दगडफूल म्हणजे मसाल्यातलं?" मी विचारलं.

"तेच. त्याला मुळं नसतात. खायचं-प्यायचं सगळं हवेतून. हवा बिघडली की ते पहिल्यांदा मरतं, आणि सुधारली तरी परत यायला फार वेळ लावतं. माणसं लावतात ती झाडं. दगडफूल आपल्या मर्जीने येऊन बसतं."

मला काही नवीन शिकल्यासारखं वाटलं नाही, उलट घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माझं माहेर पेठ तालुक्यातलं, जंगलाच्या कडेचं. आमच्याकडे ऐनाच्या खोडांवर दगडफुलाचे थर असायचे, वरून राखाडी, खालून काळे, कडांना चुरगळलेले. पावसात ते हिरवट व्हायचे. आम्ही मुली ते खरवडून आणायचो, आई वाळवून ठेवायची आणि काळ्या मसाल्याच्या वेळी तेलात टाकायची. तोवर त्याला वास नसतो, तेलात पडलं की घर भरून जातं. ते कशावर जगतं हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. झाड आहे म्हणजे दगडफूल असणारच, अशी माझी समजूत होती.

तेव्हापासून नवऱ्याला नवाच छंद लागला. पानं सोडून तो खोडं बघायला लागला. खोडाला नाक लावून उभा राहायचा. बऱ्याचदा वाटायचं, आता हा झाडाच्या कानात काहीतरी सांगणार. दिसायचं काहीच नाही. पक्ष्याची शीट दिसली तरी तो मला हाक मारायचा आणि मला जाऊन सांगावं लागायचं की ही शीट आहे.

पुढे शहर वाढत आलं. ओढ्याकाठच्या जमिनींवर बंगले उठायला लागले आणि भट्ट्या एकेक करून लांब गेल्या. आम्ही टेकडीवाले खूश झालो, हे खरं. पण त्या भट्ट्यांवर माझ्या माहेरच्या बाजूची माणसं राबायची, चार महिने पोरंबाळं घेऊन तिथेच राहायची. आमच्या स्वतःच्या घराच्या विटाही तिथल्याच. ज्या धुराला मी शिव्या दिल्या त्याच धुरातून माझं घर भाजून निघालं आहे, हे मला भिंतीकडे बघताना अजूनही आठवतं. भट्ट्या कुठे दुसऱ्या झाडांच्या शेजारी गेल्या असतील, तेही मनात येतं.

हवा निवळली तशी झाडांनी अंग धरलं. करंज डोक्यावर गेले, बहावा फुलला, आंब्याची कैरी पिकेपर्यंत टिकायला लागली. पण खोडं कोरीच होती. दरम्यान नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. आणि पुण्याहून मुलाचे फोन सुरू झाले. त्याने मोठं घर घेतलं होतं, त्यात एक खोली आमच्यासाठी ठेवली होती. सून चांगली आहे, नात गोड आहे, तक्रार करायला जागा नाही. दरवेळी फोन आला की मुलगा विचारायचा, "बाबा, कधी येताय कायमचे?" आणि नवरा माझ्याकडे बघायचा.

एक दिवस तो म्हणाला, "जाऊ आता. झाडं झाली, पण जंगल काही झालं नाही. माझ्याच्याने एवढंच व्हायचं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की दिवाळी करू आणि निघू."

मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पुण्यातल्या त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मला माझी टेकडी हवी होती, सकाळचा थर्मास हवा होता, आणि खोडाला नाक लावून उभा राहिलेला हा माणूस हवा होता. तिकडे गेल्यावर तो पुन्हा नळ दुरुस्त करायला लागेल, आणि सुनेला ते चालणार नाही. पण बोलले नाही. त्याच्या तोंडावर जे थकलेपण होतं, त्यापुढे हट्ट करायला जीभ वळेना.

आणि मग भाद्रपदात ते मला दिसलं.

रिमझिम होती. नवरा वरच्या बाजूला आळी नीट करत होता. मी आंब्याखाली उभी होते, आणि सहज खोडाकडे बघितलं तर नाण्याएवढा एक हिरवट राखाडी ठिपका. कडांना चुरगळलेला. आधी मला वाटलं, पुन्हा पक्षीच. नखाने कड जराशी उचलली. खाली काळं. मी पलीकडच्या ऐनाकडे पळाले, तर तिथेही दोन. करंजावर एक, अगदी लहान. आम्ही मुली आईपुढे आणून टाकायचो तसंच, नेमकं तेच. मी तिथे चिखलात उभी राहून मोठ्याने हसले.

"काय झालं?" वरून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. पाय घसरला."

सांगितलं नाही, कारण त्याला ते दिसलंच नसतं. समोरच्या बसचा नंबर मी वाचून दाखवायचे अशी डोळ्यांची अवस्था. मी सांगितलेलं त्याने मानलं असतं, पण इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट माणसाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. मी ठरवलं, डोळे उघडले की त्याला इथे आणायचं आणि गप्प उभं राहायचं. त्याचं त्याला दिसू दे. मग कोण जातंय पुण्याला! बाईंनाही मी काही बोलले नाही. पण घरी जाताना मी इतकी खुशीत होते, की नवऱ्याने विचारलं, "आज भाजीत काय विशेष आहे का?"

दसऱ्यानंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, थेंब, आणि डॉक्टरांची ताकीद, की धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही. टेकडी बंद. नवरा घरात काळा चष्मा लावून सिनेमातल्या खलनायकासारखा बसून राहायचा. त्याचे थेंब आणि जेवण सांभाळताना मलाही वर जायला फुरसत मिळाली नाही. त्यात दीर भेटायला आले. त्यांची बागेची छाटणी नुकतीच उरकली होती, त्यामुळे सवड होती. दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "वैनी, मी जरा दादाची झाडं बघून येतो." मला त्यांचं कौतुक वाटलं. गाडीत मागे प्लास्टिकचे दोन ड्रम होते, ते मी बघितले होते, पण द्राक्षवाल्याच्या गाडीत ड्रम असतातच.

दुपारी जेवायला आले ते कोपरापर्यंत निळे होऊन. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू वरातीतून आलेत. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाले, "वैनी, दादाला सांगू नका. डोळं उघडल्यावर बघू द्या त्याला. झाडाच्या खोडांना लय बुरशी धरली होती, राखाडी राखाडी. दादाला दिसत नाय, म्हणून ऱ्हायलं. घासून काढली न् सगळ्या खोडांना बोर्डोची पेस्ट लावली. शिडी नेली होती, पार फांद्यांपर्यंत गेलो. आता एक बी झाड जात नाय बघा."

माझ्या हातातलं पातेलं मी ओट्यावर ठेवलं. "सगळ्या?"

"सगळ्या. आंब्याला दोन हात मारले. विळा बुडवून बघितला ना मी, लालसर नाय झाला. चुना बरोबर पडलाय. काम एकदम चोख."

मी चपला घातल्या आणि टेकडीवर गेले. भर उन्हात आंबा निळा, ऐन निळे, करंज निळे. रांगेने उभी केलेली शाळेतली मुलं जणू, गणवेश घातलेली. बुंध्यापाशी घासलेल्या सालीचा भुगा पडला होता. त्यात एक करडा तुकडा होता, मी उचलला, तो बोटांत मोडला. मोरचूद बुरशीला मारतं, आणि दगडफुलात निम्मी बुरशीच असते, असं बाईंनी कधीतरी सांगितलं होतं. मी तिथे बसले आणि रडले. मग मला राग आला, मग पुन्हा रडू आलं.

घरी येऊन मी दिरांना बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बुरशी नव्हती, काय होतं, हे कळल्यावर ते मटकन खुर्चीत बसले. "आरं देवा," एवढंच म्हणाले. मग उठले आणि तारेचा ब्रश शोधायला लागले, लावलेलं सगळं काढून टाकतो म्हणून. आता त्यांना आवरायची वेळ माझ्यावर आली. भावासाठी उन्हात शिडी चढलेला माणूस, त्याच्यावर किती वेळ रागवणार? मी त्यांना ताक दिलं.

एवढं होईपर्यंत बाहेरच्या खोलीतून काळा चष्मा आत आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"केवढं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"नाण्याएवढं."

"कुठल्या झाडावर?"

"आंब्यावर. ऐनावर दोन. करंजावर एक."

"करंजावरसुद्धा?" तो म्हणाला, आणि चष्म्याखाली त्याचं तोंड हसलं. जेवताना भावाच्या ताटात त्याने स्वतःच्या हाताने भात वाढला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही वर गेलो. बाईंना बोलावलं होतं. निळं जंगल बघून त्या आधी घाबरल्या, मग मी सगळी हकिकत सांगितल्यावर पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग गंभीर होऊन खोडं बघत फिरल्या. "एकदा आलं म्हणजे हवा त्याला मानवतेय," त्या म्हणाल्या. "पुन्हा येईल. पण हे मोरचूद पावसाने धुऊन जायला हवं, वरची साल झडायला हवी, मग कुठे ते बसेल. आणि बसलं तरी वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढं वाढतं."

"म्हणजे किती वर्षं?" नवऱ्याने विचारलं.

"ते मी कसं सांगू? थांबायची तयारी हवी."

बाई गेल्या. आम्ही उतरायला लागलो. उजव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, त्यामुळे नवरा दर चार पावलांवर थांबून काहीतरी बघत होता. मध्येच म्हणाला, "बरं झालं."

माझा पारा चढला. "काय बरं झालं? मी कशी जपून ठेवली होती ती गोष्ट, तुम्हाला दाखवायची म्हणून. दाखवली असती म्हणजे तुम्ही इथून हलला नसता."

"अगं, उलट," तो म्हणाला. "तू मला दाखवलं असतंस, तर मी काय म्हणालो असतो? झालं जंगल. संपलं आपलं काम. चला पुण्याला. मुलाला नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं, शिवाय मला वाटायचं, तुला नातीची ओढ आहे. आता कारण मिळालं."

मी वाटेत उभीच राहिले. हा माणूस इतके दिवस थकलेलं तोंड करून बसला होता ते झाडांमुळे नव्हे, जावं लागणार म्हणून. आणि मी त्याच्यासाठी गप्प बसले होते. दोघंही एकमेकांसाठी पुण्याला निघालो होतो.

त्याने तिथेच फोन काढला आणि मुलाला लावला. "अरे, आमचं येणं जमत नाही. तुझ्या काकाने झाडांना औषध लावून ठेवलंय. ते उतरेपर्यंत मला इथे थांबावं लागेल. कधी उतरेल? छे, ते सांगता येत नाही. फार हळू असतं ते. आईचं? आईला विचार."

फोन माझ्या हातात आला. मुलाचा काळजीचा आवाज ऐकू आला, "आई, तुला चालेल ना गं हे?"

"आता तुझे बाबाच राहतायत म्हटल्यावर मला काय, राहावंच लागेल," मी म्हणाले. तेवढा पडलेला आवाज काढायला मला फार कष्ट पडले.